उखाण्यातलं काश्मीर

बाल्कनीतल्या दोरीवर लोकरीचे मोजे वाळत होते. जून महिना, गाव मस्कत, आणि मस्कतातही हमरिया, जिथं इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की वाराही आत यायला कंटाळतो. कलावतीनं मोजे काढले, उलटसुलट करून पाहिले आणि चहाचा कप घेऊन बसलेल्या नवऱ्यापुढे धरले.

"हे कोणाचे ओ?"

"माझेच," बाळकृष्ण म्हणाला.

"लोकरीचे?"

"हापिसात एसी मरणाचो असता."

"तुमी हापिसात कधीपासून बसाक लागलास?"

बाळकृष्णानं कप तोंडाला लावला तो खाली केलाच नाही. खोटं बोलणं हा काही त्याचा प्रांत नव्हता. पण आणखी दोनच दिवस तग धरायचा होता. गुरुवारी संध्याकाळी सगळं आपोआप उघड होणार होतं, आणि तेव्हा कलावतीचा चेहरा कसा होईल, हे तो गेले कित्येक दिवस मनातल्या मनात पाहत होता.

या लपवाछपवीचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. कुडाळजवळच्या गावात, मांडवात बायकांनी नवरदेवाला नाव घ्यायला लावलं. मित्रानं त्याच्याकडून सोपा उखाणा पाठ करून घेतला होता: काश्मीरच्या डोंगरावर बर्फाच्या राशी, कलावतीचं नाव घेतो लग्नाच्या दिवशी. पण पन्नास बायका तोंडाकडे बघताहेत म्हटल्यावर बाळकृष्णाची बोबडी वळली आणि तोंडातून निघालं, "काश्मीरच्या डोंगरावर बर्फाच्या राशी, कलावतीला दाखवीन पहिल्याच वर्षी." मांडवात हशा पिकला. नवरी हसली नाही. तिनं ते लक्षात ठेवलं.

पहिल्या वर्षी बाळकृष्ण काश्मीरला नाही, ओमानला गेला. एकटाच. आधी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या शीतगृहात, मग मस्कतात एका साध्या गोदामात. दर दोन वर्षांनी सुट्टीवर गेला की कलावती पहिला घास वाढताना विचारायची, "मगे, काश्मीर कधी?" चोवीस वर्षं ती हेच विचारत आली होती. आता मुलगी प्रियांका नोकरीला लागली, तिनं पहिल्या पगारातून आईचं तिकीट काढलं, आणि कलावती नवऱ्याचं ओमान बघायला आली. तीन आठवडे होत आले होते. शुक्रवारी तिचं परतीचं विमान होतं.

आणि नेमकं याच वर्षी, बघा देवाची करणी, कुणा धनवंताच्या मनात आलं की मस्कतबाहेरच्या माळावर एक बर्फघर बांधावं. भलंमोठं दालन, आत उणे चार, छतातून मशीननं बर्फ पडतो, पोरांनी घसरावं, बापांनी फोटो काढावेत. बाळकृष्णाची थंडीत काम करण्याची सवय पाहून त्याला तिथं घेतलं. त्याचं काम एकच. पडलेला बर्फ शॉवेलनं सारखा करायचा.

त्या कामावर तो जीव टाकायचा. पहाटे बसनं पोचायचं, जाड कपडे चढवायचे, दोन दारं ओलांडायची आणि आत शिरायचं. दुसरं दार मागं लागलं की जगाचा आवाजच बंद व्हायचा. निळसर उजेडात वरून भुरभुर बर्फ उतरत असायचा, कुणालाच घाई नसल्यासारखा. तोंडातून वाफ निघायची आणि तिच्याकडे बघत बाळकृष्ण उभाच राहायचा. अशा वेळी त्याला कलावती दिसायची. अबोली रंगाची साडी, वर कुणाचं तरी उसनं जाकीट, आणि पाऊल टाकावं की नको असं करत दारात थांबलेली. उद्घाटन शुक्रवारी होतं आणि गुरुवारी संध्याकाळी कामगारांच्या घरच्यांना आत सोडणार होते. ओमानभरच्या लोकांआधी त्याची बायको त्या बर्फावर पाय ठेवणार होती. एवढ्यासाठी तर सगळा लपवाछपवीचा खटाटोप.

या स्वप्नातून त्याला दर सकाळी जागं करायचा तो लोकेश. लोकेश नागपूरचा इंजिनिअर, बर्फघराचा सेफ्टी ऑफिसर. आतापर्यंतची नोकरी भट्ट्या आणि पाइपांच्या कारखान्यांत झालेली. उष्माघात त्याला तोंडपाठ होता. बर्फाशी गाठ पहिल्यांदाच पडली. पण पठ्ठ्या हार मानणारा नव्हता. बर्फ उपसताना माणसाचं काय काय बिघडू शकतं यावर जगात जेवढं लिहिलंय तेवढं त्यानं वाचून काढलं आणि रोज सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून ऐकवायला सुरुवात केली.

"थंडीत रक्तवाहिन्या आखडतात. हृदयाला जोर जास्त लागतो. त्यात आपण श्वास रोखून वजन उचलतो. म्हणून आधी अंग गरम करायचं. बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा. उचललाच तर थोडा, गुडघ्यात वाकून. कमरेतून वळून खांद्यावरून फेकायचा तर नाहीच नाही. छातीत, खांद्यात दुखलं की जागेवर थांबायचं आणि मला सांगायचं."

मग व्यायाम. बाळकृष्ण हात अर्धवट वर करून खाली घ्यायचा.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? रिक्षा थांबवून राहिले का?"

"साहेब, आमचं अंग गरमच असतं."

लोकेशचा आणखी एक नियम होता. उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी काम बंद ठेवून सावलीत बसवतात. नियम उघड्यावरच्या कामाचा, पण लोकेशच्या जुन्या कारखान्यात तो सगळ्यांना लागू असायचा, म्हणून इथंही लागू. तेव्हा भर दुपारी उणे चारमधल्या माणसांना बाहेर काढून, पत्र्याच्या शेडमध्ये पंचेचाळीस अंशांत, उष्माघात होऊ नये म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजलं जाई. कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, "नियम म्हणजे नियम. बसा." आणि स्वतःही त्यांच्यासोबत घामाघूम होत बसायचा. मनानं माणूस सोन्यासारखा, त्याला काय बोलणार.

बुधवारी बाळकृष्णाच्या मनात आलं की सपाट बर्फ दाखवून भागायचं नाही. उखाण्यात डोंगर आहे. तेव्हा कोपऱ्यात एक डोंगर पाहिजे. सकाळची कवायत चुकवून तो गुपचूप कोपऱ्यात शिरला आणि लागला रचायला. आता डोंगर काही ढकलून होत नाही. गावी शेतात मेरेवर, म्हणजे बांधावर, चिखल चढवायचा त्याचा हात. तोच हात चालू झाला. वाकायचं, भरून घ्यायचं, श्वास कोंडायचा, वळायचं आणि खांद्यावरून भिरकावायचं. डोंगर गुडघ्यापर्यंत आला. बाळकृष्णाला त्यावर काश्मीरच्या मेंढ्यासुद्धा दिसायला लागल्या. पुढचं शॉवेल वर गेलं, आणि डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत अशी कळ आली की मेंढ्या जागच्या जागी गायब झाल्या.

तो मटकन बसला. लोकेशला सांगावं, तर तो लगेच कामावरून उतरवणार. मग गुरुवार गेला. म्हणून त्यानं दात चावून वेळ काढला. दुपारी शेडमध्ये घाम गाळला. सुटी झाल्यावर सगळ्यांनी कपडे बदलले, पण त्याचा हात वरच जाईना, म्हणून आतला लोकरी बनियन तसाच ठेवून तो बसमध्ये चढला. हमरियाच्या नाक्यावर उतरून दोन गल्ल्या उन्हातून चालला. घराचा जिना चढताना छातीवर हात गेला आणि त्यानं पायरीवरच बसकण मारली.

कलावतीनं दार उघडलं. समोर घामानं निथळणारा, थरथरणारा, लोकरी बनियनमधला नवरा.

"काय झाला? अवो, काय झाला?"

"छातीत दुखता."

दवाखाना समोरच्या इमारतीत होता, हे नशीब. डॉक्टर राजीव पुण्याचे, तरुण, शांत. नर्स हिबा ओमानी. हिंदी मोडकी, हात मात्र चपळ. हिबानं कपाळाशी थर्मामीटर धरला. उन्हातून आलेलं कपाळ ते, आकडा चांगलाच वर गेला.

"काय करत होता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

आता आली का पंचाईत. बायको उशाशी उभी. पण छातीचा मामला, डॉक्टरशी खोटं कसं बोलणार? बायकोला काही कळायचं नाही अशा बेतानं तो हळूच म्हणाला, "बर्फ उपसत होतो."

डॉक्टरांनी हिबाकडे पाहिलं. हिबानं कलावतीकडे पाहिलं. कलावतीनं पदर तोंडाला लावला.

"कुठला बर्फ?"

"खाली पडलेला."

"कुठून पडला?"

"वरून. मशीन चालू केलं की पडतो."

"आज बाहेर किती तापमान आहे माहीत आहे का?"

"बाहेरचं ठाऊक नाही. आत उणे चार होतं."

"बरं. आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपण कुठं आहोत?"

"हमरियात."

"आणि बर्फ कुठं आहे?"

"इथनं पाऊण तासावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बर्फघराचं उद्घाटनच झालेलं नव्हतं, तेव्हा त्यांना तरी ते कसं माहीत असणार? जूनमध्ये लोकरीचा बनियन, तापलेलं कपाळ आणि तोंडी बर्फाचं वर्णन. "उष्माघात," ते म्हणाले. "डोक्यात गेलाय. हिबा, आइस पॅक."

"नको!" बाळकृष्ण ओरडला. "बर्फानंच झालंय हे!"

"बाबा, उमान स्नो मा फी," हिबा मायेनं म्हणाली. बाबा, ओमानात बर्फ नाही. असं समजावत तिनं त्याच्या मानेखाली, बगलेत आणि जिथं म्हणून जागा होती तिथं बर्फाच्या पिशव्या खोचल्या. तो कुडकुडायला लागला तशी डॉक्टरांनी मान हलवली आणि आणखी दोन मागवल्या. खरं बोलेल तितका बर्फ वाढत होता, म्हणून शेवटी बाळकृष्णानं बोलणंच सोडून दिलं.

डोळे मिटले तर तो पुन्हा दालनात होता. बर्फ उतरत होता, सावकाश, दवाखान्याच्या पंख्यावर, सलाइनच्या बाटलीवर, कलावतीच्या केसांवर. ती कुणाशी तरी बोलत होती. लांबून आवाज येत होता.

"डॉक्टर, ह्या बर्फाचं मला ठाऊक आहे," ती शहरी मराठी जपून बोलत होती. "लग्नात त्यांनी बर्फ दाखवीन म्हणून उखाणा घेतला. चोवीस वर्षं मी त्यावरून बोलत राहिले. त्यांनी ते मनाला लावून घेतलं." मग ती त्याच्या कानाशी वाकली, आणि आता ती कुडाळची झाली. "ऐकतास? माका नको तुमचा काश्मीर. मी उगाच टोचत रवलंय. एसीत बसून भात-आमटी खाऊया, माका तेवढाच पुरे. सुटलास तुमी त्यातून."

बाळकृष्णाचे डोळे खाडकन उघडले. छातीत दुखत होतं तेव्हा तो घाबरला नव्हता, तेवढा आता घाबरला. काश्मीरवर पाणी सोडणारी कलावती त्यानं जन्मात पाहिली नव्हती. एवढं सगळं माफ होतंय म्हणजे आपलं काही खरं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. शिवाय ऐन बर्फ तयार झाल्यावर हिनं हक्क सोडावा? मग तो डोंगर कुणासाठी रचला?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लोकेश. कोपऱ्यातला अर्धा डोंगर आणि तिथंच टाकलेलं शॉवेल पाहून त्याला शंका आली होती. बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं की काका खांदा धरून बसले होते. तसाच गाडी काढून तो त्यांच्या घरी आणि तिथून शेजाऱ्यांना विचारत इथं धावत आला होता. अंगात फुगीर जाकीट, डोक्याला माकडटोपी, पायात गमबूट, आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल.

डॉक्टरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हिबा," ते म्हणाले, "दुसरा बेड."

"सर, यांनी बर्फ उचलला," लोकेश धापा टाकत म्हणाला. "मी रोज सांगून राहिलो, ढकला म्हणून."

"हो, हो. तुम्ही आधी बसा. कामगारांच्या एकाच कॅम्पात राहता का दोघं?"

हिबानं त्याच्या कपाळाशी थर्मामीटर नेला आणि दुसऱ्या हातानं टोपी ओढली. लोकेशनं कसाबसा मोबाइल काढला. "सर, हे बघा. बघा तरी."

"साहेब," बाळकृष्ण पिशव्यांखालून विव्हळला, "हिला दाखवू नका हां ते."

झालं. नवऱ्याच्या कामावरचं, जवान साहेबाच्या मोबाइलमधलं, बायकोला दाखवू नये असं काय असतं? कलावतीनं पदर खोचला आणि स्टुलावर ठाण मांडून बसली. हिबा एक पाऊल मागं सरली.

डॉक्टर मात्र मोबाइलकडे बघत राहिले होते. पडद्यावर दालनातल्या कॅमेऱ्यानं टिपलेला बाळकृष्ण होता. गुडघाभर बर्फात, खांद्यावरून शॉवेल भिरकावत. त्यांनी ते दोनदा पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शांती कुठल्या कुठं गेली.

"श्वास रोखला होता?"

"रोखला होता," बाळकृष्ण म्हणाला.

"व्यायाम न करता सुरुवात?"

"रिक्षा थांबवतात ते," लोकेश म्हणाला.

"डावा खांदा, छाती, थंडीत, वजन उचलताना." डॉक्टरांचा आवाज कापायला लागला, भीतीनं की आनंदानं कोण जाणे. "अहो, ही केस आम्ही फक्त पुस्तकात वाचली. आमच्या सरांनी सांगितलं होतं, ही तुम्हाला आयुष्यात दिसणार नाही म्हणून. हिबा, पॅक काढ सगळे. ब्लँकेट आण. ईसीजी लाव. रक्त घे. यल्ला, लवकर!"

म्हणजे बघा. उष्माघात असता तर संध्याकाळी घरी सोडलं असतं. बर्फ खरा निघाला, म्हणून बाळकृष्ण रात्रभर वायरींत गुंडाळून पडला. डॉक्टर तासातासाला येऊन बर्फाचं विचारत होते, ओला होता की कोरडा, शॉवेल किती लांब होतं. कलावती हे सगळं स्टुलावरून ऐकत होती. शेवटी तिनं हिबाचा हात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाय गो, डॉक्टराकपण ऊन लागला."

सकाळी निकाल लागला. हृदय ठणठणीत, स्नायू दुखावलेला. डॉक्टर थोडे हिरमुसल्यासारखे दिसले, पण त्यांनी मनापासून हात मिळवला. मग कागदावर सही करता करता म्हणाले, "पंधरा दिवस वजन उचलायचं नाही. आणि थंडीत पाऊल ठेवायचं नाही. अजिबात."

बाळकृष्णानं लोकेशकडे पाहिलं. लोकेशनं नजर चुकवली. कागद वाचल्यावर त्यानं बाळकृष्णाला आत सोडणं शक्यच नव्हतं. नियम म्हणजे नियम.

गुरुवारी संध्याकाळी लोकेशनंच दोघांना गाडीतून नेलं. कलावतीला कुठं ते सांगितलं नाही. ती वाटभर खिडकीबाहेरच्या तापल्या माळाकडे बघत होती. बर्फघराच्या बाहेरच्या दालनात एक मोठी काच आहे. तिथं बाळकृष्णाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. लोकेशनं कलावतीला जाकीट दिलं.

"ह्या कशाक?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"घाल. एसी मरणाचो आसा आत."

ती पहिल्या दारातून गेली. दुसऱ्या दारातून आत आली आणि थांबली. काचेपलीकडे ती होती, अगदी त्यानं पाहिलं होतं तशी. अबोली साडी, उसनं जाकीट, एक पाय पुढे आणि एक मागे. छतातून बर्फ उतरत होता. तो तिच्या केसांवर टेकला. तिनं हात पुढं केला, तळव्यावर पडलेलं जवळ नेऊन पाहिलं, आणि मग किती वेळ मानच वर केली नाही. बाळकृष्णाला काच धूसर दिसायला लागली. काचेवर वाफ धरते, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

लोकेशनं तिला कोपऱ्याकडे नेलं. तिथं डोंगर होता. अर्धामुर्धा, एका बाजूला कललेला, जेमतेम गुडघ्याएवढा. लोकेश हातवारे करून सांगत होता: उचलला, वळले, फेकला, कळ आली. कलावतीनं डोंगराकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. मग साडी सावरून ती त्या डोंगरावर चढली. लोकेश दोन्ही हात पसरून खाली उभा, कारण पडायची शक्यता होतीच. वर उभी राहून, डोळे पुसत, काचेकडे बघत ती काहीतरी म्हणाली. काच जाड होती. आवाज आला नाही.

बाळकृष्ण खुर्चीतून अर्धवट उठला. पुन्हा ते "सुटलास तुमी" तर नाही ना म्हणाली? लोकेश बाहेर येईपर्यंत त्याला धीर धरवेना.

"काय म्हणाली ती?"

लोकेशनं माकडटोपी काढली. "काकू म्हणाल्या, हे ओमानचं झालं. काश्मीरचं अजून बाकी आहे, म्हणून सांगा त्यांना."

बाळकृष्ण खुर्चीत मागं टेकला. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला. आत कलावती डोंगरावरून उतरायचं नाव घेत नव्हती. त्याला हसू फुटलं, खांद्यात कळ आली, तरी ते थांबेना.

"काका, दुखून राहिलं का? जागेवर थांबा."

"थांबलोच आहे, साहेब," बाळकृष्ण डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही आत जाऊन तिला एवढं सांगा. म्हणावं, पुढच्याच वर्षी."